हरवलेला दगड आणि तीन दोऱ्या

शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण त्या घरातली माणसे आजही एकमेकांशी बोलतात आणि ती तशीच बोलत राहावीत असे मला वाटते. सात-आठ वर्षांपूर्वी माती परीक्षणाचे नमुने घ्यायला मी तिथे गेलो होतो. काम मातीचे होते, पण बांधावर पोहोचलो तो भांडण पेटलेले.

दोघे चुलत भाऊ. थोरल्या घरचा एक, धाकट्या घरचा एक. आजोबांनी १९७३ साली, म्हणजे मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षी, आपल्या दोन मुलांत रान वाटून दिले. पश्चिमेच्या कोपऱ्याला त्यांनी हद्दीचा दगड पुरला होता. पूर्वेचा दगड अजून जागेवर होता, पण पश्चिमेचा दगड रान सपाट करताना मातीखाली गेला. यंत्र चालवणाऱ्याला त्याची कल्पना नव्हती आणि घरातले कोणी तिथे उभे नव्हते. पुढच्या हंगामात नांगर घालताना एकाने चार तास जास्त ओढले, दुसऱ्याने ते मोडले, आणि मग बायकांचे बोलणे बंद झाले. खेड्यात भांडण किती खोल गेले आहे हे यावरूनच ओळखावे.

आजी थोरल्या नातवाकडे राहत. त्यांच्या पेटीत आजोबांची वही निघाली. आजोबा तरुणपणी मोजणीदाराच्या मागे साखळी धरून हिंडले होते, त्यामुळे त्यांनी दगड पुरताना तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या: विहीर ९० फूट १० इंच, म्हसोबा ११० फूट ८ इंच, निंब १२५ फूट. विहीर सामाईक, तिचा दगडी कठडा शाबूत. म्हसोबाचा दगडही जिथल्या तिथे. निंब मात्र नव्हता. एका लेकीच्या लग्नाच्या वर्षी तो विकला गेला होता. म्हणून तिसरी ओळ दोघांनीही सोडून दिली होती.

दोघांकडे शंभर फुटी टेप होते, लांब अंतराला दोन जोडलेले. एकाने विहिरीवरून टेप धरला, दुसऱ्याने म्हसोबावरून, आणि दोन्ही आकडे जिथे जुळतील ती जागा शोधली. जागा सापडलीही. अडचण एवढीच की थोरल्या घरच्याला ती धाकट्याच्या रानात बारा फूट आत सापडली आणि धाकट्याला ती थोरल्याच्या रानात बारा फूट आत. दोघे एकमेकांच्या रानात उभे राहून "दगड इथंच हाय" म्हणत होते. मला वाटले, एकाने टेप ढिला धरला असेल. म्हणून मी स्वतः दोन्ही ठिकाणी टेप लावून पाहिला. दोघांचेही आकडे बरोबर.

"साहेब, आता सांगा, खोटं कोण बोलतंय?" धाकट्याने विचारले.

खोटे कोणीच बोलत नव्हते. विहीर आणि म्हसोबा यांच्यामध्ये दोनशे फूट अंतर होते आणि ती ओळ जवळजवळ बांधाच्याच दिशेने जात होती. विहिरीपासून ९० फूट १० इंच असलेल्या जागा म्हणजे विहिरीभोवतीचे एक वर्तुळ. म्हसोबापासून ११० फूट ८ इंच म्हणजे म्हसोबाभोवतीचे दुसरे वर्तुळ. दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात ती दोन ठिकाणी, ओळीच्या या अंगाला एक आणि त्या अंगाला एक. आरशात बिंब दिसावे तशा या जागा जोडीने येतात. दोन मापांनी यापलीकडे काही ठरत नाही.

आता या चोवीस फुटांचा हिशेब पाहा. पूर्वेचा दगड पक्का, पश्चिमेचा दगड चोवीस फुटांनी इकडे की तिकडे, बांधाची लांबी ३३० फूट. मधे त्रिकोणी पट्टी राहते. ३३० गुणिले २४, त्याचे निम्मे, म्हणजे ३,९६० चौरस फूट. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. साडेतीन गुंठ्यांहून थोडी जास्त जमीन झाली. पाण्याखालच्या रानात साडेतीन गुंठ्यांसाठी माणसे कोर्टात वीस वर्षे घालवतात.

मी विचारले, "निंब कुठं होता?" दोघांनी दोन दिशांना हात केले. निंब तोडला तेव्हा ते पोरसवदा होते. तेवढ्यात आजी काठी टेकत बांधावर आल्या.

"निंबाचं मला इचारा. त्याच्या बुडाशी माझ्या दोन लेकरांचे पाळणे बांधले व्हते."

त्या थोरल्याच्या रानात शिरल्या, जुन्या गोठ्याच्या जोत्याची कड पायाने चाचपली, तिथून पावले टाकली आणि एका जागी काठी रोवली. तिथे खणले तर हातभर खाली कुजक्या मुळांचा गड्डा लागला. थोरल्या नातवाच्या कपाळावर आठी पडली होती, कारण निंब त्याच्याच अंगाला होता. एव्हाना त्यालाही कळून चुकले होते की हे माप कोणाच्या बाजूने पडणार. त्याने धरलेल्या जागेपासून गड्ड्याचे अंतर भरले १४८ फूट. धाकट्याने धरलेल्या जागेपासून भरले १२६ फूट. वहीत १२५. झाडाच्या बुंध्याची नेमकी कोणती बाजू आजोबांनी धरली होती ते आता सांगता येत नव्हते, तेव्हा फूटभर फरक चालण्यासारखाच होता. २३ फुटांचा फरक चालण्यासारखा नव्हता.

तिथे खणले. दीड हात खाली दगड आडवा पडलेला मिळाला आणि त्याच्या तळाला कोळशाची भुकटी. हद्दीच्या खुणेखाली कोळसा, राख, खापऱ्या पुरून ठेवण्याची चाल फार जुनी. मनुस्मृतीतही ती सांगितली आहे. लाकूड कुजते, कोळसा कुजत नाही.

आजी ज्या घरात भाकरी खात त्या घराची जमीन त्यांच्या काठीने कमी झाली. थोरला नातू काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आज्जी, ऊन लागतंय, चल घरला." एवढेच. मी मात्र दोघांना बजावले की हा दगड आपण शोधला म्हणून हद्द कायम झाली असे समजू नका. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, भूकरमापकाकडून खूण करून घ्या आणि मोजणीची क प्रत घरात ठेवा. दोघांनी मिळून अर्ज केला. मोजणीत खूण पडली ती त्या दगडापासून वीतभर अंतरावर.

या प्रसंगानंतर मी जिथे जाईन तिथे ही गोष्ट अंगणात करून दाखवू लागलो. आपल्या मुलांनाही ती दाखवावी. दोन खुंट्या ठोका, प्रत्येकीला एक दोरी बांधा. दोन्ही दोऱ्यांची टोके एकत्र धरून दोऱ्या ताणल्या की टोक एका जागी येते. मग तसेच ताणत खुंट्यांच्या दुसऱ्या बाजूला जा. टोक पुन्हा एका जागी येईल. आता तिसरी खुंटी ठोका, पण पहिल्या दोघींच्या रांगेत ठोकू नका. तिची दोरी एका जागी पोहोचेल आणि दुसऱ्या जागी एकतर कमी पडेल, नाहीतर लोंबेल. तिन्ही खुंट्या एका रांगेत असल्या तर तिसरीचा काडीचा उपयोग नाही. दहा खुंट्या ठोकल्या तरी दोन्ही जागा तशाच राहतात. शाळेत शिकलेला पोरगा असेल तर त्याला विचारा, असे का. विचार करू द्या त्याला.

आता थोडे गणित. भिण्याचे कारण नाही, वर्ग आणि वर्गमूळ एवढेच लागते. दौंडच्या बाजूला भीमेवरून किंवा विहिरीवरून पाइपलाइन आणलेली रानोरान आहे. पाइप तीन फूट खाली, वर ऊस. लाइन फुटली की व्हॉल्व्ह कुठे आहे ते कोणाला आठवत नाही, कारण ज्यांनी ती टाकली ते वडील किंवा चुलते आता नाहीत. मग भर उसात चार ठिकाणी खड्डे. समजा, लाइन टाकतानाच कोणी लिहून ठेवले असते की व्हॉल्व्ह विहिरीच्या कोपऱ्यापासून ३० मीटर, कालव्याच्या मोरीच्या कठड्यापासून ४० मीटर, आणि घराच्या जोत्यापासून ४५ मीटर. विहीर ते मोरी सरळ अंतर ५० मीटर. उभ्या उसात तीन टेप ताणता येत नाहीत, म्हणून हिशेब बांधावर बसून करायचा.

पन्नासचा वर्ग २,५००. तीसचा वर्ग ९००. दोन्हींची बेरीज ३,४००. त्यातून चाळीसचा वर्ग १,६०० वजा केला, राहिले १,८००. याला पन्नासच्या दुपटीने, म्हणजे १०० ने भागले, उत्तर १८. याचा अर्थ, विहिरीपासून मोरीच्या दिशेने सरळ १८ मीटर चालायचे. तिथून काटकोनात किती आत जायचे? तीसच्या वर्गातून अठराचा वर्ग वजा करा. ९०० वजा ३२४ म्हणजे ५७६, त्याचे वर्गमूळ २४. अठरा मीटरवर काठी रोवा, गुण्या धरा आणि २४ मीटर आत जा. गुण्या नसेल तर दोरीला तीन, चार आणि पाच हातांवर गाठी मारून त्रिकोण ताणा. तीन आणि चार यांच्यामधला कोन काटकोन असतो, हे आपले गवंडी पिढ्यान्‌पिढ्या करतात. डाव्या हाताला २४ की उजव्या हाताला २४, हे तिसरे माप सांगते. जोते ज्या अंगाला आहे त्या अंगाची जागा जोत्यापासून ४५ मीटरवर येते. पलीकडची आरशातली जागा आमच्या उदाहरणात सुमारे ८८ मीटरवर पडते. चुकायला वावच नाही. उसात एकदाच शिरायचे, एकच खड्डा.

हीच रीत उलटी केली की जुन्या मोजणीदाराची रीत होते. तो शेतातून एक सरळ ओळ टाकी, तीवर साखळी धरी आणि बांधाच्या प्रत्येक मोडणीपासून त्या ओळीवर काटकोन पाडून अंतर मोजी. काटकोन पाडायला त्याच्याकडे शंकू असे. ही मापे टिपणात लिहिली जात. टिपण म्हणजे आकड्यांतले शेत आहे. बांध पुराने वाहून गेला, गाळाखाली गेला, कोणी रातोरात सरकवला, तरी टिपणावरून तो पुन्हा जमिनीवर उभा करता येतो.

ही पद्धत जिथे घडली तो मुलूख आपल्या शेजारचाच आहे. पुणे जिल्ह्यात इंग्रजी अमलात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२७-२८ च्या सुमारास मोजणी आणि आकारणी सुरू केली. ती फसली. आकार भारी पडला, कागद आणि जमीन जुळेनात, रयत गावे सोडून गेली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली आणि १८३६ साली तिथे नवी आकारणी लागू झाली. इंदापूरला लागून आपला दौंड. या कामाच्या अनुभवावरून पुढे १८४७ पर्यंत मुंबई इलाख्याच्या मोजणीचे नियम ठरले.

त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एकर. गुंठ्याचा हा विचित्र आकडा आला कुठून, असे मला कित्येक तरुण शेतकरी विचारतात. तो साखळीतून आला आहे. पुढे मेट्रिक मापे आली, उताऱ्यावर हेक्टर-आर आले, पण माणसे अजून गुंठ्यातच बोलतात आणि बोलोत बापडी.

लोखंडी साखळीचा एक दोष मोजणीदारांना पक्का माहीत असे. कड्या झिजतात आणि साखळी लांबते. ३३ फुटांची साखळी दोन इंचांनी लांबली तर क्षेत्रात शेकडा एकाचा फरक येतो, आणि तो शेतकऱ्याच्या विरुद्ध दिशेने. चाळीस गुंठ्यांचे रान कागदावर साडेएकोणचाळीसच्या आसपास उतरते. म्हणून साखळी वरचेवर पक्क्या मापाशी ताडून पाहावी लागे. आजचा कापडी टेपही भिजला-वाळला की बदलतो. सुतळीची तर गोष्टच नको. नायलॉनची दोरी ओढाल तेवढी वाढते. तिच्यावर हद्द ठरवणारे मी पाहिले आहेत आणि त्यांची तोंडेही पाहिली आहेत.

उतारावर मोजताना आणखी एक चूक होते. जमिनीला टेकवून ३० मीटर मोजले आणि तेवढ्यात चढ ३ मीटर असला, तर आडवे अंतर भरते २९ मीटर ८५ सेंटिमीटर. पंधरा सेंटिमीटर हवेत गेले. नकाशातले अंतर नेहमी आडवे असते. म्हणून उतारावर टेप तुकड्या-तुकड्याने, आडवा धरून मोजावा आणि टोकाला ओळंबा सोडावा.

सर्वांत फसवी चूक मात्र खुणा कुठल्या धरल्या यात असते. एक उदाहरण देतो, ते कागदावर करून पाहा. दोन खुणा ५० मीटरवर. त्यांच्या बरोबर मध्यावर, ओळीपासून २ मीटर बाजूला एक दगड. दोन्ही खुणांपासून त्याचे अंतर भरते २५ मीटर ८ सेंटिमीटर. आता टेप धरणाऱ्याने ते ८ सेंटिमीटर सोडून दिले आणि सरळ २५ मीटर लिहिले. दगड कुठे गेला? थेट ओळीवर. टेपातल्या ८ सेंटिमीटरच्या चुकीने जमिनीवर २ मीटरची चूक केली. कारण अशा वेळी दोन्ही वर्तुळे एकमेकांना घासून जातात, नीट छेदत नाहीत. दोऱ्या दगडापाशी साधारण काटकोनात मिळाल्या तर ८ सेंटिमीटरची चूक जवळपास ८ सेंटिमीटरच राहते. मघाच्या आजोबांच्या वहीतही हा कच्चेपणा होता. विहीर आणि म्हसोबा बांधाच्याच ओळीत असल्याने टेप एक इंच चुकला की दगड चार इंच सरकत होता. तिसरा निंब बाजूला होता म्हणून निभावले.

तीन मापे घेतली की ती कधीच तंतोतंत एका बिंदूत मिळत नाहीत, हेही सांगून ठेवतो. तिन्ही वर्तुळांच्या मधे एक लहानसा त्रिकोण उरतो. तो वीतभर असेल तर मापे चांगली. तो दोन मीटरचा असेल तर कुठेतरी घोटाळा आहे: आकडा उलटा लिहिला, खूण हलली, फूट आणि मीटर यांची सरमिसळ झाली. दोनच मापे असतील तर घोटाळा कळायला मार्गच नसतो, ती निमूटपणे चुकीच्या जागी मिळतात. तिसरे माप आरशातली जागा खोडून काढते आणि पहिल्या दोघांवर पहाराही ठेवते. चौथे असेल तर उत्तमच. संगणक हा उरलेला घोळ सर्व मापांत अशा रीतीने वाटून टाकतो की फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी, आणि मग सर्वांत जवळची जागा सांगतो.

हीच विद्या फार मोठ्या अंतरावरही चालते. वीज चमकल्यावर गडगडाट किती सेकंदांनी ऐकू आला ते मोजून, दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर असा हिशेब आपण करतो. यातून वीज किती दूर पडली ते कळते, कुठे पडली ते कळत नाही. भूकंपाचे असेच आहे. त्याची एक लाट जलद येते, दुसरी मागाहून. भूकंप जवळपासचा असेल तर दोन्हींमधल्या दर सेकंदाला ढोबळमानाने आठ किलोमीटर अंतर धरतात. एका वेधशाळेला फक्त वर्तुळ मिळते. तीन वेधशाळांची वर्तुळे मिळाली की भूकंपाचे ठिकाण सापडते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप किंवा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा, दोन्ही वेळी आपल्या भागातल्या जुन्या माणसांनी भांडी वाजलेली ऐकली. हादरा कुठून आला ते घरात बसून कळत नाही. ते निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी एकत्र करूनच काढावे लागते.

आणि आता मोजणीला येणारे यंत्र. भूकरमापक आजकाल काठीवर बसवलेले रोव्हर घेऊन येतो आणि साखळी दिसत नाही म्हणून जुनी माणसे नाराज होतात. "नुसतं उभं राहून मोजलं," असे म्हणतात. तो नुसता उभा नसतो. त्याच्या खुणा आकाशात असतात. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरतात, ते कुठल्या क्षणी कुठे आहेत हे ठाऊक असते आणि त्यांचा संदेश किती वेळात पोहोचला यावरून अंतर निघते. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी घड्याळाची चूक झाली तरी तीनशे मीटरचा फरक पडेल. उपग्रहात अणुघड्याळ असते, आपल्या हातातल्या यंत्रात ते नसते. म्हणून तीन उपग्रहांवर भागत नाही. चौथा घ्यावा लागतो, तो आपल्या घड्याळाची चूक शोधण्यासाठी. आपल्या देशाचीही नाविक नावाची उपग्रहमाला आहे. तिचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडला गेला.

वातावरणातून येताना संदेश रेंगाळतो, त्याचीही चूक असते. ती काढण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात ७७ ठिकाणी कायमची स्थानके उभारली आहेत. स्थानकाची खरी जागा आधीच माहीत असते. आकाशातून आलेली जागा आणि खरी जागा यांतला फरक स्थानक सतत कळवत राहते आणि रोव्हर तेवढी दुरुस्ती करून घेते. मग अचूकता काही सेंटिमीटरांपर्यंत जाते. तत्त्व मात्र म्हसोबाचेच: पक्की खूण आधी हवी.

तुमच्या खिशातल्या फोनला ही दुरुस्ती मिळत नाही. त्यातले क्षेत्र मोजायचे ॲप उघड्या रानातही काही मीटर इकडे-तिकडे दाखवते, झाडाखाली त्याहून जास्त. एक एकराचे चौकोनी रान एका बाजूने साधारण ६४ मीटर असते. एका बाजूला तीन मीटरची चूक झाली तर जवळजवळ दोन गुंठ्यांचा फरक पडतो. खताचा किंवा फवारणीचा अंदाज काढायला ॲप ठीक आहे. त्यावरून शेजाऱ्याशी भांडायला उभे राहू नका.

उपग्रहाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो, कारण बिबट्याशिवाय आपल्या उसाची गोष्ट पुरी होत नाही. २००९ साली शिरूरच्या शेजारच्या पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून गळ्यात उपग्रहाचा पट्टा घालून माळशेज घाटात सोडले. संशोधक विद्या अत्रेय यांनी त्याचे नाव ठेवले आजोबा. पट्टा आपली जागा अशीच अंतरांवरून काढत होता आणि कळवत होता. त्यावरून दिसले की आजोबा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेले. असो.

आता घरी करायचे काम. एक जाड पुठ्ठ्याची वही घ्या आणि जमिनीखाली जे जे आहे त्याची नोंद करा: हद्दीचे दगड, पाइपलाइनची वळणे आणि व्हॉल्व्ह, ठिबकच्या सबमेनची टोके, मोटारीची जमिनीखालची केबल. प्रत्येकाला तीन खुणा, तीन दिशांच्या. खुणा अशा धरा की ज्या तुमच्या नातवापर्यंत टिकतील. विहिरीच्या कठड्याचा ईशान्य कोपरा, देवळाची खालची पायरी, मोरीचा कठडा, घराचे जोते. नुसते "विहिरीपासून" लिहू नका. विहीर तीस फूट रुंद असते, कोणत्या काठापासून? बाभूळ, विजेचा खांब, फाटक, कडब्याची गंज या खुणा नव्हेत. झाडच धरावे लागले तर बुंध्याची दिशा लिहा, म्हणजे आमच्यासारखी फूटभराची ओढाताण होणार नाही. खुणांची आपापसांतली अंतरेही मोजून लिहा, ती नसतील तर वरचा हिशेब करता येत नाही. अंतर शक्यतो एका टेपात बसेल इतके ठेवा. फूट की मीटर ते लिहा, तारीख घाला.

बंद पडलेल्या बोअरची नोंद मात्र सर्वांत आधी करा. शिरूरच्या पूर्व पट्ट्यात एकेका रानात तीन-तीन कोरडी बोअर मी पाहिली आहेत, वर एक फाटके पोते नाहीतर दगड. गवत वाढले की ते दिसत नाही आणि लहान मूल पाहून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच अशी बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरून टाकण्याबद्दल सूचना दिल्या आहेत. जुने बोअर कुठे घेतले होते हे घरातल्या एकालाच आठवत असेल, तर त्याला आजच हाताशी धरून रानात न्या, जागा दाखवायला सांगा, मापे घ्या आणि भरून टाका.

वहीची एक प्रत वाटेकऱ्याच्या घरीही असावी. दोन्ही घरांत एकच आकडे असले की पुष्कळ बोलणे वाचते.

मागच्या पावसाळ्याआधी त्या गावावरून जाणे झाले. थोरल्या घरची मुलगी आता नववीत आहे. तिने पणजोबांच्या वहीच्या पुढच्या पानावर नवी नोंद केली आहे, मीटरमध्ये. विहीर आणि म्हसोबा तेच आहेत. निंबाच्या जागी तिने धाकट्या चुलत्यांच्या घराच्या जोत्याचा कोपरा धरला आहे, आणि माप घेताना टेपाचे दुसरे टोक त्या चुलत्यांनीच धरले होते.